घरातले एक माणूस दूर असताना: वाचकांचे प्रश्न

नवरा किंवा बायको नोकरी-धंद्यासाठी महिनोन्‌महिने बाहेर असलेल्या घरांतून आम्ही गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आली, आणि ते स्वाभाविकच आहे. सैन्यातील नोकरी, मुंबईतील माथाडी काम आणि देशभर पसरलेला गलाईचा (सोने-चांदी शुद्ध करण्याचा) धंदा यांमुळे इथल्या असंख्य घरांत लहान मुले वर्षाचा मोठा काळ एकाच पालकाजवळ वाढतात. त्यांपैकी पाच पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. नावे आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. माझे पती सैन्यात जवान असून सध्या त्यांची नेमणूक अशा ठिकाणी आहे की तिथे कुटुंब नेता येत नाही. साडेचार वर्षांचा मुलगा आणि सव्वा वर्षाची मुलगी यांना घेऊन मी सातारा तालुक्यात सासरी राहते. सात महिन्यांनी ते रजेवर आले, तेव्हा मुलीने त्यांना पाहताच आकांत केला आणि चार दिवस ती त्यांच्याकडे गेली नाही. त्यांना ते फार लागले. मुलगा मात्र त्यांना क्षणभरही सोडत नव्हता. रजा संपल्यावर ते पहाटे, मुले झोपेत असताना निघाले. तेव्हापासून मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागला आहे आणि “मी ऐकले नाही म्हणून पप्पा गेले का?” असे विचारतो. पुढच्या रजेपर्यंत मी काय करावे?
— एक सैनिकपत्नी, सातारा तालुका

उत्तर: आधी मुलीविषयी लिहिते, कारण तुमच्या पतींच्या मनाला लागलेली गोष्ट ती आहे. साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल ओळखीचे आणि अनोळखी चेहरे काटेकोरपणे वेगळे करू लागते, आणि पुढे वर्ष-दीड वर्षाच्या आसपास ही भीती बऱ्याच मुलांत चांगलीच जोरात असते. तुमचे पती गेले तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती. म्हणजे तिच्या वयाचा जवळजवळ निम्मा काळ तिने त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलेच नाही. अशा वेळी तिने तुमच्या पदराआड लपणे हे तिची वाढ योग्य होत असल्याचे आणि तुमच्याशी तिचे नाते घट्ट असल्याचे लक्षण आहे. वडिलांविषयी नावड असा त्याचा अर्थ नाही. हे त्यांना शब्दांत सांगा. शक्य असेल तर पुढच्या रजेपूर्वीच सांगा, म्हणजे ते दारात उभे राहतील तेव्हा त्यांची तयारी झालेली असेल.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्यांनी मुलीला स्वतःहून उचलू नये. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलेल्या असताना त्यांनी जवळच जमिनीवर बसावे, मुलाशी खेळावे, तिच्याकडे टक लावून पाहू नये आणि तिला स्वतःहून सरकत येऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी खिमटीची वाटी त्यांच्या हातात द्या, पण मुलगी तुमच्या मांडीवरच राहू दे. चौथ्या-पाचव्या दिवशी अंघोळ घालायला ते असोत आणि तुम्ही शेजारी असा. या दिवसांत आत्या, नणंदा, शेजारणी “अगं, जा की पप्पांकडे, पप्पा आहेत तुझे” म्हणून तिला त्यांच्या हातात कोंबतात. प्रेमापोटी केलेल्या या आग्रहाने काम दोन दिवस मागे जाते. त्यांना नम्रपणे पण नक्की थांबवा.

आता रजा नसतानाच्या काळाविषयी. माझे स्पष्ट मत असे आहे की दूर असलेल्या पालकाला मुलाच्या रोजच्या दिवसात एक लहानसे, ठरलेले काम असले पाहिजे. केवळ “पप्पांशी बोल” म्हणून फोन तोंडापुढे धरल्याने लहान मुलाच्या हाती काही लागत नाही. तुमच्या मुलाला दात घासायचा कंटाळा असेल, तर त्याच्या पप्पांनी एक मिनिटाची ध्वनिफीत पाठवावी. “चला साहेब, आधी वरचे दात, आता खालचे” असे म्हणत त्यांनी दात घासून घ्यावेत आणि ती तुम्ही रोज रात्री लावावी. झोपताना ऐकायची गोष्ट त्यांच्या आवाजात असावी. एकच गोष्ट महिनाभर ऐकायला या वयाच्या मुलांना मनापासून आवडते. याचा मोठा फायदा असा की सीमेवर रेंज असो वा नसो, कामगिरीवर असल्यामुळे आठवडाभर फोन येवो वा न येवो, पप्पांचे घरातले काम चालू राहते. “आज आठ वाजता पप्पांचा फोन येणार” असे मात्र मुलाला कधी सांगू नका. फोन येईल तेव्हा आनंदच होईल, परंतु न आलेल्या फोनची वाट पाहत झोपणे साडेचार वर्षांच्या मुलाला झेपत नाही.

दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. पण नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल त्यांनी यातून वगळला आहे. त्यामुळे मुलीच्या बाबतीत मनात किंतु ठेवू नका. फक्त कॉल तिची झोप आणि पोट भरलेले असताना, पाच-सात मिनिटांचा असावा आणि तिच्या हाताला येईल इतक्या उंचीवर भिंतीला पप्पांचा एक मोठा फोटो असावा.

मुलाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. चार-पाच वर्षांचे मूल घरात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे कारण स्वतःत शोधते, आणि सकाळी उठल्यावर पप्पा नाहीसे झालेले पाहिल्याने त्याने स्वतःच एक उत्तर तयार केले. त्याला थेट सांगा: “तू काही केले नाहीस. पप्पांची सुट्टी संपली म्हणून ते कामाला गेले. सुट्टी मिळाली की परत येतील.” तो दहा वेळा विचारेल, दहाही वेळा याच शब्दांत उत्तर द्या. “थांब, पप्पांना सांगते” ही धमकी घरात कोणीही देत असेल तर ती आजपासून बंद करा. ज्या माणसाची मूल वाट पाहत आहे त्याच्याच नावाने त्याला भिववणे योग्य नाही. सुटलेली सवय अशा ताणानंतर पुन्हा लागणे या वयात नेहमीचे आहे. न रागावता, इतरांसमोर न बोलता, रात्री झोपण्यापूर्वी लघवीला नेऊन आणि गादीवर मेणकापड घालून ती बहुधा काही आठवड्यांत सुटते. लघवी करताना जळजळ होत असेल, तहान अचानक फार वाढली असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील किंवा वजन घटत असेल, तर मात्र थांबू नका आणि डॉक्टरांकडून लघवी व साखर तपासून घ्या.

पुढच्या वेळी निरोप जागेपणी व्हावा. मूल रडेल म्हणून झोपेत निघून जाणे मोठ्यांना सोयीचे असते, पण त्यानंतर मूल झोपायलाच घाबरते. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस आधी सांगा. पंधरा दिवस आधी सांगितले तर ते पंधराही दिवस वाया जातात. “सहा महिने” या शब्दाला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. “बेंदूर होईल, गणपती येतील, मग दिवाळी” असा क्रम त्याला कळतो. परतीची तारीख कॅलेंडरवर लिहू नका, कारण मंजूर झालेली रजाही रद्द होऊ शकते. टीव्हीवर चकमकीच्या बातम्या लागल्या की तो बंद करा. “पप्पांना गोळी लागेल का?” असे त्याने विचारलेच, तर “काही होत नाही रे” म्हणून उडवून लावू नका. “पप्पांना स्वतःला जपायचे शिक्षण दिलेले आहे आणि त्यांच्यासोबत त्यांचे मित्र आहेत” हे उत्तर खरे आहे आणि त्याला पुरेसे आहे.

एक सूचना पतींसाठी. जवानांना वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ती केव्हा मिळेल हे त्यांच्या हातात नसते याची मला जाणीव आहे. तरीही मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत, युनिटने मान्य केल्यास, एकदाच लांब रजा घेण्याऐवजी ती दोन-तीन हप्त्यांत घ्यावी. लहान मुलाच्या आठवणीसाठी मधले अंतर कमी असणे हे रजेच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे असते. आणखी एक, तुमच्या तालुक्यात अपशिंग्यासारखी गावे आहेत, जिथे पिढ्यानपिढ्या घरोघरची माणसे सैन्यात गेली. तिथल्या साठी-सत्तरीच्या बायकांनी पत्रावर भिस्त ठेवून चार-चार मुले वाढवली आहेत. तुमच्याही भावकीत अशी एखादी आजी असेलच. तिच्याजवळ जाऊन बसा, तिला विचारा. या विषयातले तिचे शहाणपण कोणत्याही सदरापेक्षा अधिक आहे.

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. पती तमिळनाडूत गलाईच्या दुकानात आहेत. मी सात आणि तीन वर्षांच्या दोन मुलांसह सासू-सासऱ्यांजवळ असते. पती रोज फोन करतात, पण आधी सासऱ्यांना. शाळेची सहल असो की मुलाचे दप्तर, निर्णय फोनवर त्या दोघांत होतो आणि मला नंतर कळतो. मोठ्याला हे कळून चुकले आहे; मी नको म्हटले की तो आबांकडे जातो. यात्रेला आणि दिवाळीला पती येतात तेव्हा खेळणी, खाऊ, मोबाइल, रात्री बारापर्यंत जागरण असे सगळे मोकळे असते, आणि ते गेल्यावर मी एकटी वाईट ठरते. आता ते म्हणतात की मुलांना घेऊन तिकडेच ये. जावे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: तुमच्या घरात कोणी वाईट वागत नाही, पण रोज मुलांचे सर्व करणाऱ्या व्यक्तीच्या हातात निर्णय नाहीत, आणि हे सात वर्षांच्या मुलाच्याही ध्यानात आले आहे. यातून बाहेर पडण्याची सुरुवात तुमच्या पतींनीच केली पाहिजे. तुम्ही सासऱ्यांना सांगितलेत तर तो वाद ठरेल. मुलाने वडिलांना सांगितले तर ती घराची व्यवस्था ठरेल. पतींनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगून सर्वांसमोर म्हणावे: “आबा, मुलांचे खाणे, झोपणे, अभ्यास, मोबाइल आणि शाळेचे रोजचे काय ते हिने ठरवायचे. पोरांनी तुम्हाला विचारले तर आईला विचार म्हणून सांगा. मोठ्या खर्चाचे आणि दवाखान्याचे आपण तिघे बोलून ठरवू.” आबांचा मान यात कमी होत नाही, आणि हेही पतींनी त्याच वेळी बोलून दाखवावे. शेतीचे, भावकीचे, यात्रेच्या मानपानाचे निर्णय त्यांचेच आहेत. मुलांसाठी लागणारे पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तुमच्या स्वतःच्या खात्यात यावेत; वहीसाठी पन्नास रुपये मागावे लागणाऱ्या आईचे मुलांनी ऐकावे, ही अपेक्षा फार आहे.

पती घरी येतात त्या दिवसांविषयी मी थोडे कठोर लिहिते. वर्षातून दोन-तीनदा भेटणाऱ्या वडिलांना मुलांना नाही म्हणणे जड जाते, हे समजण्यासारखे आहे. परंतु पंधरा दिवस पाहुण्यासारखे राहून गेलेला बाप मुलांच्या मनात पाहुणाच राहतो. आल्यानंतर पहिले दोन दिवस मोकळे असू द्यावेत. तिसऱ्या दिवसापासून धाकट्याला त्यांनी उठवावे, मोठ्याला त्यांनी शाळेत सोडावे, गृहपाठ त्यांनी पाहावा आणि रात्री साडेनऊला दिवा त्यांनीच घालवावा. प्रत्येक मुलाला एकच वस्तू आणावी. मोबाइल द्यायचा नसेल तर “आई रागावेल” हे कारण त्यांनी कधीही सांगू नये. “आपल्या घरात असे चालत नाही” असे म्हणावे.

तिकडे जाण्याचा प्रश्न. पती-पत्नी आणि मुले एकत्र राहावीत या बाजूचा कौल माझाही आहे, पण दोन गोष्टी पाहिल्याशिवाय सामान बांधू नका. पहिली राहण्याच्या जागेची. गलाईत सोने-चांदी शुद्ध करताना नत्राम्ल वापरतात आणि त्यातून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसांना घातक असतो. भट्टी खाली आणि संसार माडीवर, किंवा एकाच खोलीत पडदा टाकून दोन्ही, अशी सोय असेल तर तीन वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये. घर वेगळे असावे, कामाचे कपडे दुकानातच बदलावेत आणि ते मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

दुसरी गोष्ट शाळेची. तमिळनाडूत २००६ च्या कायद्यानंतर पहिलीपासून तमिळ हा सक्तीचा विषय टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. धाकटा तिथे खेळता खेळता तमिळ शिकेल. मोठ्याला पहिले सहा महिने जड जातील, पण सात वर्षे हे नवी भाषा उचलण्याचे उत्तम वय आहे. खरी अडचण तीन-चार वर्षांनी परत आल्यावर येते, तेव्हा इथल्या वर्गात मराठी लेखन कच्चे राहिलेले असते. म्हणून गेलात तर किमान पाच-सहा वर्षांच्या हिशेबाने जा, आणि घरी रोज मराठी वाचन-लेखन ठेवा. वर्षाच्या मध्येच शाळा सोडवू नका. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर राहून पाहा आणि मग जूनपूर्वी ठरवा. ठरवताना तुमचे मत शेवटी विचारले जाऊ नये, आधी विचारले जावे, हेही पतींना कळवा.

प्रश्न: माझी पत्नी परिचारिका असून आठ महिन्यांपूर्वी सौदी अरेबियातील रुग्णालयात नोकरीला गेली. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतो. सहा वर्षांची मुलगी आणि माझी आई माझ्याजवळ आहेत. गेला महिनाभर मुलगी आईशी व्हिडिओवर बोलायला तयार नाही, तोंड फिरवते. पत्नी रडते. त्यातच नातेवाईक मुलीसमोरच म्हणतात, “पैशासाठी पोरीला टाकून गेली.” काय करावे?
— एक वडील, मिरज

उत्तर: मुलगी रागावलेली आहे, आणि तो राग तिने जिथे सुरक्षित वाटतो तिथे काढला आहे. तिला बोलायला भाग पाडू नका आणि “आई रडते बघ” असेही सांगू नका, कारण आईच्या अश्रूंची जबाबदारी सहा वर्षांच्या मुलीवर टाकता येत नाही. फोन टेबलावर उभा ठेवा. मुलगी चित्र काढत असेल किंवा जेवत असेल, तिकडे पत्नीने आपली भाजी चिरावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. कोणीही प्रश्न विचारू नये. घरात आई असते तेव्हाही मुले सतत तिच्याकडे पाहून बोलत नाहीत. ती आसपास असते, एवढेच त्यांना पुरते. थोड्या दिवसांत मुलगी आपणहून चित्र दाखवायला उठेल.

वेळेचा विचारही नीट करा. सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पत्नी सायंकाळी सातला कामावरून सुटत असेल तर इथे साडेनऊ वाजलेले असतात आणि मुलगी पेंगुळलेली असते. त्या वेळचा कॉल बिघडणारच. कॉल पत्नीच्या सुट्टीच्या दिवशी, मुलगी शाळेतून येऊन खाऊन ताजीतवानी झाल्यावर करा. इतर दिवशी पत्नीने आवाजाचा निरोप पाठवावा, तो तुम्ही सकाळी वेणी घालताना लावा. वेणी तुम्हीच घाला. आजीला येते म्हणून तिच्यावर सोपवू नका. रोज सकाळची ती दहा मिनिटे मुलगी तुमच्याशी जे बोलेल ते दिवसभरात बोलणार नाही.

रात्रपाळीचा आठवडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिला सांगत जा की उद्यापासून रात्री आजी झोपवेल आणि सकाळी बाबा येतील. आई आठ महिन्यांपासून दिसत नाही अशा मुलीला बाबाही रात्री दिसेनासे झाले, तर तिने काय समजावे? वर्गशिक्षिकेलाही घरची परिस्थिती कळवून ठेवा.

नातेवाइकांचे बोलणे मात्र सहन करू नका. तुम्ही गप्प राहिलात की मुलगी ते खरे धरते. तिथल्या तिथे, तिच्यासमोर, आवाज न चढवता सांगा: “ती आम्ही दोघांनी ठरवून गेली आहे. तिथे ती आजारी माणसांची सेवा करते आणि आम्हाला तिचा अभिमान आहे. पोरीसमोर असे पुन्हा बोलू नका, काका.” शक्य असल्यास हेच तुमच्या आईनेही बोलावे, आजीच्या शब्दाचे वजन नातेवाइकांत अधिक पडते. पत्नी किती वर्षांसाठी गेली आहे आणि केव्हा परतणार आहे, हे तुम्ही दोघांनी अजून ठरवले नसेल तर ते आधी ठरवा, कारण मुलगी लवकरच विचारील.

प्रश्न: मी वस्तीवर, गावापासून दीड-दोन किलोमीटर लांब राहते. नवरा परगावी असतो. रात्री मुलाला ताप आला की मी घाबरून जाते. दुसरे मूल कोणाजवळ ठेवावे तेही सुचत नाही.
— एक आई, जत तालुका

उत्तर: ज्या गोष्टी रात्री सुचत नाहीत त्या दिवसा करून ठेवायच्या असतात. घरात तापमापक असावा. पॅरासिटामॉलचे पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते, त्यामुळे मुलाच्या आजच्या वजनाप्रमाणे किती मिली द्यायचे आणि किती तासांनी, हे डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या. वजन वाढले की पुन्हा लिहून घ्या. जलसंजीवनीची पाकिटे नेहमी घरात ठेवा.

तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. मोठ्या मुलाच्या बाबतीतही ते काहीच पीत नसेल, प्यालेले सगळे उलटून टाकत असेल, झटका आला असेल किंवा हाक मारूनही नीट जागे होत नसेल, तर त्याच घटकेला निघावे. शांत असताना छाती-पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर तेही दवाखान्यात नेण्याचे लक्षण आहे. यांपैकी काही नसेल, मूल पाणी पीत असेल आणि ताप उतरल्यावर खेळत असेल, तर औषध देऊन सकाळी दाखवले तरी चालते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते, पण वस्तीचा पत्ता चालकाला सापडत नाही. फाट्यावरचे दुकान, पाण्याची टाकी, डांबरी कुठे संपते या खुणा एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा; घाबरल्यावर त्या तोंडून निघत नाहीत. जवळच्या दोन घरांशी आजच बोलून ठेवा, एक गाडीसाठी आणि एक दुसऱ्या मुलाला सांभाळण्यासाठी. ज्या घरात दुसरे मूल ठेवणार आहात तिथे ते दिवसा कधीतरी तास-दोन तास राहिलेले असावे. मुलांची आधारकार्डे, लसीकरणाचे कार्ड आणि थोडे रोख पैसे एकाच पिशवीत भरून खुंटीला लावून ठेवा.

प्रश्न: पती नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी आहेत, महिन्या-दीड महिन्याने येतात. सासू-सासरे नाहीत. मला पाच वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी आहे. मला झोप मिळत नाही. हल्ली मी मुलाला मारते आणि मग रात्री त्याच्याजवळ बसून रडते. काल मुलगी रडायची थांबेना तेव्हा तिला जोरात हलवले. मी आई म्हणून नालायक आहे का?
— एक आई, पाटण तालुका

उत्तर: नाही. तुम्ही दहा महिने पुरेशी झोप न घेता दोन मुले, घर आणि बहुधा रानातले कामही एकटीने ओढत आहात, आणि तरीही हे लिहून पाठवण्याइतकी तुम्हाला मुलांची काळजी आहे. तुमचे पत्र आम्ही सर्वांत आधी वाचले आणि उत्तर तुम्हाला अंकाआधीच टपालाने पाठवले आहे. इथे ते छापतो, कारण अशा अवस्थेतल्या दुसऱ्या अनेक जणी हे वाचत असतील.

बाळाला हलवणे मात्र पुन्हा कधीही होता कामा नये. एवढ्या लहान बाळाची मान नाजूक असते आणि जोराने हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कालपासून ती फार झोपाळलेली असेल, उलट्या करत असेल, दूध घेत नसेल किंवा नजर स्थिर करत नसेल, तर आजच तिला डॉक्टरांना दाखवा आणि काय घडले ते खरे सांगा. रडणे असह्य झाले की तिला पाळण्यात किंवा जमिनीवरच्या अंथरुणावर, जिथून पडणार नाही अशा जागी ठेवा, मुलाला अंगणात बोलवा आणि स्वतःही बाहेर येऊन पाच मिनिटे उभ्या राहा. बाळ पाच मिनिटे रडल्याने त्याला काहीही होत नाही. मुलाला मारल्यावर रात्री तो झोपेत असताना रडण्यापेक्षा, तो जागा असतानाच म्हणा: “मी तुला मारले ते चुकले. मी दमले होते. तुझी चूक नव्हती.” पाच वर्षांच्या मुलाला हे नीट कळते.

विश्रांती ही आता तुमच्यासाठी औषधासारखी आहे आणि ती इतरांकडून मागून घ्यावी लागेल. मुलगा तीन ते सहा या वयोगटात असल्यामुळे अंगणवाडीत रोज पूर्ण वेळ जाऊ दे, आणि तो गेला की बाळासोबत झोपा. भांडी राहू द्या. बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाताईंनी घरी येऊन भेट द्यायची असते. त्या बाराव्या महिन्यापर्यंत थांबू नयेत म्हणून त्यांना आजच बोलवा आणि बाळाच्या वजनाइतकेच स्वतःच्या झोपेविषयी बोला. बचत गटात असाल तर तिथल्या एखादीशी आठवड्यातून एक दुपार मुले सांभाळण्याची अदलाबदल ठरवा. माहेर जवळ असेल तर पंधरा दिवस जा, अगदी निःसंकोच जा.

पतींना हे पत्र वाचून दाखवा. ते दमूनच घरी येत असतील, ओझी वाहणाऱ्या माणसाच्या अंगात काय उरते याची कल्पना आहे. तरी आल्यानंतरची पहिली सकाळ त्यांनी दोन्ही मुले घेऊन घराबाहेर काढावी आणि तुम्ही दार लावून झोपावे. पुढचे दोन-तीन महिने त्यांना दर पंधरा दिवसांनी येता आले तर ते बुडालेल्या मजुरीपेक्षा मोलाचे ठरेल.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, मुले झोपलेली असूनही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा स्वतःचे वा मुलांचे काही बरेवाईट करावे असे विचार येत असतील, तर बाळंतपणानंतर येणारा हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. फोन लागल्यावर काय बोलावे हे सुचले नाही, तर आम्हाला लिहिलेले पत्रच त्यांना वाचून दाखवा; पुढचे प्रश्न ते स्वतः विचारतील.